मुक्कामाच्या ट्रेकवर चांगली कॉफी: एक पातेलं, एक फडकं आणि घरी केलेलं वजन

ट्रेकवरची कॉफी बिघडते ती बहुधा आपल्या चहाच्या सवयीमुळे. आपला हात चहाला बसलेला असतो. पाणी ठेवायचं, पावडर अंदाजाने टाकायची, साखर, दूध, मग दोन-तीन उकळ्या येऊ द्यायच्या आणि उशिरा उठणाऱ्यासाठी तेच पुन्हा गरम करायचं. चहा हे सगळं निभावून नेतो. कॉफीला यातलं काहीच मानवत नाही: उकळली की कडू होते, अंदाजाने केली की पाणचट किंवा जहाल होते, आणि दुसऱ्यांदा तापवली की औषधासारखी लागते. हा लेख नवख्यांसाठी आहे. चार जण, एका रात्रीचा मुक्काम आणि सह्याद्रीतलं ठिकाण, मग ते राजमाची असो, भंडारदऱ्याचा काठ असो की एखाद्या गडाच्या पायथ्याचं गाव, असं धरून मापं दिली आहेत. माणसं कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदला.

निघण्याआधी: पावडर

निम्मं काम घरीच उरकायचं आहे, आणि त्यात पहिली पावडर. किराणा दुकानात ‘कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटाची मागची बाजू वाचा. त्यात चिकोरी असू शकते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा भरपूर असतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळपास निम्मं पाकीट चिकोरीचं असलं तरी ते कायद्याला धरूनच असतं. दूध घालून प्यायची असेल तर २०-३० टक्के चिकोरी छान लागते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची ती ठसठशीत चव बऱ्याच अंशी तिच्यामुळेच येते. पण पातेल्यात काळी कॉफी करायची असेल तर बिनचिकोरीचीच घ्या, नाहीतर नुसता काळाकुट्ट कडवटपणा हाती येतो.

मुंबईत माटुंग्याला समोर दळून देणारी जुनी दुकानं आहेत. इतर शहरांतही आता ताज्या भाजलेल्या बिया दळून मिळतात किंवा घरपोच येतात. चिकमगळूर, कूर्ग, अराकू या कॉफी पिकवणाऱ्या भागांतलं काहीही चालेल. पहिल्या वेळी भारीतली घेऊ नका, मध्यम भाजणीची साधी अरेबिका (कॉफीची एक सौम्य जात) घ्या. फार काळी भाजलेली पावडर बाहेर अवघड जाते, कारण पाणी जरा जास्त गरम असलं की ती लगेच कडू होते. (महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. तिकडे मुक्काम असेल तर तिथलीच घेऊन तिथेच करून पाहायला हरकत नाही.)

दळण केवढं जाड हवं, हे दुकानदाराला ‘जाड रव्याएवढं’ म्हणून सांगा. पातेल्यासाठी आणि फ्रेंच प्रेससाठी (दांड्याच्या जाळीने चोथा खाली दाबायचं उभं भांडं) जाड रवा, गाळणकागदासाठी बारीक रवा, फिल्टरच्या भांड्यासाठी त्याहूनही थोडं बारीक. पिठासारखं बारीक दळण पातेल्यात टाकलं तर चोथा खाली बसतच नाही आणि शेवटचा घोट खडू खाल्ल्यासारखा लागतो. हाताने फिरवायची छोटी चक्की असेल तर बिया न्या आणि तिथेच दळा. वास घमघमतो आणि चक्की फिरवायला कुणीतरी हौशी निघतोच. नसेल तर निघायच्या आदल्या दिवशी दळून घ्या. दळलेल्या कॉफीचा वास हवेने उडतो, म्हणून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीतून न्या.

आता वजन. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पावडर, हे प्रमाण लक्षात ठेवा. चार जणांना प्रत्येकी २०० मिलिलिटरचा मग म्हणजे ८०० मिलिलिटर. पण पावडर स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून पाणी ९०० मिलिलिटर आणि पावडर ५५ ग्रॅम धरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५५-५५ ग्रॅमच्या पुड्या करा, एका वेळेला एक पुडी. संध्याकाळची एक, सकाळची एक, आणि कुणीतरी शेजारच्या तंबूतून मग घेऊन येतोच, त्याच्यासाठी एक जास्तीची. पाण्याच्या मापासाठी घरीच पातेल्यात ९०० मिलिलिटर पाणी ओतून बघा, पाणी कुठवर येतं तिथे आतून खूण लक्षात ठेवा. एक लिटरची बाटली असेल तर तिच्यावर पेनाने रेघ मारली तरी पुरे. अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात चमचे मोजण्याची पाळी येऊ नये म्हणून हा खटाटोप.

बरोबर काय घ्यायचं: दीड लिटरचं झाकणाचं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं पातेलं, सांडशी, लांब दांड्याचा चमचा, मग, लायटर आणि शिवाय काडेपेटी, आणि वीतभर मलमलचं फडकं. फडकं नवं असेल तर घरी साध्या पाण्यात उकळून त्यातली खळ काढून टाका. साबण लावू नका. पातेलं एक लिटरचं नेऊ नका, ताजी पावडर गरम पाण्यात पडली की फसफसून वर येते आणि काठोकाठ भरलेलं पातेलं उतू जातं.

पाणी

कॉफीच्या कपात पाण्याशिवाय फारसं काही नसतंच, त्यामुळे पाणी बेचव असेल तर भारीतली पावडरही काही करू शकत नाही. पायथ्याच्या गावातून निघताना चांगलं पाणी मिळत असेल तर कॉफीपुरतं तिथूनच न्या. गडावरच्या टाक्यातलं पाणी घ्यायचं असेल तर पिण्याचं टाकं कोणतं हे गावातल्या माणसाला विचारा. कापडातून गाळा आणि चांगलं खळखळून एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरच्या वरच्या मुक्कामाला तीन मिनिटं. कॉफीसाठी पाणी नुसतं ‘गरम’ करून भागवू नका, ते आधी पिण्याजोगं व्हायला हवं. क्लोरीनच्या गोळ्या टाकलेलं पाणी प्यायला सुरक्षित असतं, पण कॉफीत त्याचा वास उघड लागतो. पर्याय असेल तर ते पाणी कॉफीला वापरू नका.

आग

राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि आपले कितीतरी लोकप्रिय गड जंगलखात्याच्या हद्दीत येतात. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड तर अभयारण्यातच आहेत. दिवाळीनंतर गवत वाळतं, आणि मग एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो. त्यामुळे सरपण गोळा करून शेकोटीवर कॉफी करायची हौस गावातल्या अंगणात, यजमानांच्या चुलीवर भागवा. तिथे पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवा, काजळी नंतर सहज निघते. झाकण ठेवाच, नाहीतर कॉफीला धुराचा वास लागतो. काहींना तो आवडतो, मला नाही.

इतर ठिकाणी छोटा गॅसचा बर्नर आणि कॅनिस्टर, म्हणजे त्याला जोडायचा गॅसचा छोटा डबा. तोही चालतो का, हे आधी त्या जागेच्या माणसांना विचारून घ्या. नवख्यांनी पुढच्या गोष्टी नीट वाचाव्यात, इथे चूक झाली तर प्रश्न चवीचा राहत नाही.

बर्नर कॅनिस्टरवर उघड्यावरच चढवा, जवळ पेटती सिगारेट किंवा दिवा नको. फुस्स आवाज किंवा वास येत राहिला तर काढून पुन्हा बसवा. सपाट दगड बघा आणि भोवतीचं गवत हातभर साफ करा. तंबूच्या आत बर्नर कधीही पेटवू नका, पाऊस असला, वारा असला तरीही. कापड पेटण्याची भीती तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो साचला की माणूस झोपेतच जातो. वारा अडवायला सॅक किंवा दगडांचा आडोसा वाऱ्याच्या बाजूने, बर्नरपासून अंतर ठेवून करा. चारही बाजूंनी पत्रा लावून कॅनिस्टर कोंडू नका. तो तापला तर फुटू शकतो.

साध्या कॅनिस्टरमध्ये ब्यूटेन असतो. तो शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला, वायू व्हायचा थांबतो. सह्याद्रीत एवढी थंडी पडत नाही खरी, पण वायू बाहेर पडताना कॅनिस्टर स्वतःच गार होत जातो, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ज्योत मिणमिणते. उपाय सोपा: रात्री कॅनिस्टर बर्नरपासून सोडवून, झाकण लावून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा. पेटवण्याआधी थोडा वेळ जॅकेटमध्ये घ्या. ज्योतीवर शेकू मात्र नका. आणि एक, कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही, आणि रेल्वेतही मनाई आहे. हिमाचलला वगैरे जाणार असाल तर तिथेच घ्या.

पातेल्यातली कॉफी

ही पद्धत आधी घट्ट बसवा. बाकीची यंत्रं नंतर.

१. ९०० मिलिलिटर पाणी झाकण ठेवून उकळा. झाकणाने गॅसही वाचतो आणि वेळही.

२. बर्नर बंद करा. पातेलं खाली उतरवा आणि घडी घातलेल्या टॉवेलवर किंवा लाकडावर ठेवा, थेट गार दगडावर नको. अर्धा मिनिट थांबा. कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी मानवतं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी होत जातो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे तिथे उकळतं पाणीच ९४-९५ अंशांचं. तिथे थांबायची गरज नाही, राजमाचीला किंवा कोकणात आहे.

३. पुडी रिकामी करा. पावडर वर तरंगते. चमच्याने हलक्या हाताने दाबत, फिरवत सगळी ओली करा. कोरडी गुठळी राहू नये. ताजी असेल तर फेस येईल, ते चांगलं लक्षण.

४. झाकण ठेवा. चार मिनिटं. या चार मिनिटांत पातेलं पुन्हा आगीवर ठेवायची अनावर इच्छा होते, विशेषतः गारठ्यात, आणि कुणीतरी तसं सुचवतोही. ठेवू नका. लिटरभर पाणी झाकणाखाली तेवढ्यात फारसं निवत नाही. पावडरीतलं चांगलं ते आधी उतरतं, तुरट-कडू ते नंतर. आग चालू राहिली की दोन्ही एकदमच पाण्यात येतात. या वेळात मगांत थोडं गरम पाणी फिरवून घ्या. त्यासाठी बाजूला कपभर जास्त पाणी उकळलेलं असलं तर उत्तम.

५. झाकण उघडा. वर पावडरीचा थर जमलेला असेल. तो चमच्याने दोन-तीनदा ढवळून मोडा, चोथा खाली जायला लागतो. वरून दोन चमचे गार, पिण्याचं पाणी शिंपडा. आणखी दीड-दोन मिनिटं हात लावू नका.

६. फडकं मगावर धरून हळूहळू ओता. पातेलं हिंदकळू देऊ नका. तळाचं थोडंसं पाणी चोथ्यासकट सोडून द्या. फडकं पिळायचं नाही. चहा गाळताना पिळायची सवय असते, इथे पिळलंत की सगळा गाळ मगात.

७. सगळी कॉफी लगेच ओतून घ्या. मागून येणाऱ्याची थर्मासमध्ये काढा. चोथ्यावर ठेवलेली कॉफी दर मिनिटाला कडू होत जाते.

पहिला घोट बिनसाखरेचा घ्या, सवय नसली तरी. चूक कुठे झाली ते त्यातच कळतं. कडू आणि जिभेला कोरडं लागलं तर पाणी फार गरम होतं किंवा वेळ जास्त झाला, नाहीतर दळण फार बारीक होतं. पुढच्या वेळी यातली एकच गोष्ट बदला. आंबट आणि पोकळ लागलं तर उलट: पाणी निवलेलं होतं, किंवा चार मिनिटं धीर निघाला नाही. चव बरी पण पाणचट असेल तर पावडर वाढवा, वेळ वाढवू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. कडक चहा हवा की जास्त उकळायचा, या हिशेबाने कॉफीही जास्त वेळ ठेवतात, आणि ती कडक व्हायच्या ऐवजी कडू होते.

दूध, साखर, जायफळ

घरच्या आजी-आत्यांच्या हातची जायफळ-वेलचीची दुधाळ कॉफी डोक्यात ठेवून आलेल्यांना काळी कॉफी दिली तर ते मनातून नाराज होतात. त्यांची सोय करावी. २०० मिलिलिटरचं टेट्रापॅक दूध न फोडता बाहेर टिकतं, मुक्कामाला तेच सोयीचं. फोडलं की तेव्हाच संपवा. पायथ्याच्या गावात ताजं दूध मिळालं तर त्यासारखं काही नाही, पण ते लगेच तापवा. दूध पावडर नेली असेल तर ती थेट गरम कॉफीत टाकू नका, गुठळ्या होतात. मगात आधी दोन चमचे कोमट पाण्यात गंधासारखी कालवा, मग वर कॉफी ओता. डेअरी व्हाइटनरमध्ये साखर असते, हे साखर घालण्याआधी आठवा.

दुधाची कॉफी करायची असेल तर पातेल्यात पाणी ६०० मिलिलिटर आणि पावडर तीच ५५ ग्रॅम ठेवा, म्हणजे दाट उतरते. दूध वेगळं गरम करून मगात मिसळा. कॉफीत दूध घालून उकळू नका.

जायफळ उकळायचं नसतं. अख्खं जायफळ आणि छोटी किसणी नेली तर मगावर दोन-तीनदा घासलं की पुरे. किंवा घरीच साखरेत थोडी जायफळ-वेलची पूड मिसळून डबी भरून न्या. जायफळ जास्त झालं की कॉफीला काढ्याची चव येते, हात आवरता घ्या. गूळ घालणाऱ्यांनी तो मगात, शेवटी घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटू शकतं.

फिल्टरचं भांडं आणि बाकीची सामग्री

दूधवाल्या मंडळींची संख्या जास्त असेल तर स्टीलचं दाक्षिणात्य फिल्टर बरोबर घ्याच. पडलं तरी फुटत नाही, त्याला कागद लागत नाही, आणि नेताना त्याच्या आतल्या रिकाम्या जागेत साखरेची छोटी डबी बसते. वरच्या भांड्यात चार चमचे चिकोरीवाली पावडर, वर चकती हलकेच दाबून, उकळलेलं पाणी काठापर्यंत, झाकण. हे रात्री झोपताना करून ठेवलं की पहाटे खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार असतो. तो गार असतो, पण तापवायचा नाही. दूध कडकडीत तापवा आणि त्यात डिकॉक्शन ओता. रात्री भांडं तंबूच्या कडेला सपाट जागी ठेवा, अंधारात कुणाचा तरी पाय लागतोच.

फ्रेंच प्रेस काचेचा असेल तर घरीच राहू द्या. मोका पॉट (आगीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं) सुरेख कॉफी करतो, पण लहान बर्नरवर डुगडुगतो आणि चौघांना पुरत नाही. एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी गाळायची प्लास्टिकची नळी) हलका आणि धुवायला सोपा, एकट्यादुकट्याला उत्तम, चौघांना चार वेळा दाबत बसावं लागतं. ड्रिप बॅग म्हणजे मगावर अडकवायची कागदी पुडी. वजन नगण्य, महाग, आणि कचरा बराच. पहिल्याच ट्रेकला जाणाऱ्याला मात्र मी तीच सुचवेन.

इन्स्टंटला नाकं मुरडू नयेत. पाऊस कोसळतोय, सगळे भिजलेत, अशा वेळी चार मिनिटं कोण थांबणार? मगात इन्स्टंट पावडर, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन फिकट, फुगीर होईपर्यंत फेटा, मग गरम दूध ओता. लहान मुलं बरोबर असतील तर फेटायचं काम त्यांच्याकडे द्या, अर्धा तास शांततेत जातो.

आग चालणारच नसेल तर

काही ठिकाणी कुठल्याच ज्योतीला परवानगी नसते. उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर तर गरम कॉफीची इच्छाही होत नाही. तिथे संध्याकाळी लिटरच्या बाटलीत जाड दळलेली ८० ग्रॅम पावडर आणि पिण्याचं गार पाणी भरा, हलवा, १०-१२ तास सावलीत ठेवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा. कडवटपणा जवळपास नसतो, आंबटपणाही कमी. इथे पाणी उकळलं जात नाही, तेव्हा ते आधीच शुद्ध असलं पाहिजे. टाक्यातलं तसंच वापरायचं नाही. गाळलेली कॉफी दुपारपर्यंत संपवून टाका.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी

चार हजार मीटरवर पाणी साधारण ८६-८७ अंशांनाच उकळतं. म्हणजे उकळी फुटली तरी कॉफीला हवं तेवढं तापमान मिळतच नाही. तिथे उतरवून थांबू नका, उकळतं असतानाच पावडर टाका, दळण थोडं बारीक ठेवा आणि सहा मिनिटं द्या. मध्यम भाजणीपेक्षा थोडी काळी भाजणी तिथे बरी. सह्याद्रीत तिचा जो दोष तो तिकडे उपयोगी पडतो. पातेल्याभोवती टोपी किंवा मफलर गुंडाळला तर फरक पडतो, आग बंद केल्यानंतरच अर्थात.

आवराआवर

चोथा झाडीत फेकू नका आणि टाक्यात तर पातेलं बुचकळूही नका, ते पाणी कुणाच्या तरी पिण्याचं असतं. चोथा ज्या पिशवीतून पावडर आणली तिच्यातच भरा, घरी कुंडीतल्या मातीत मिसळता येतो. पातेलं ओल्या चोथ्यानेच घासलं तर तेलकटपणा निघतो, साबण लागत नाही. रिकामं कॅनिस्टर, टेट्रापॅक, ड्रिप बॅगा सगळं परत न्या. रात्री साखरेची डबी आणि दूध पावडर सॅकच्या आत, चेन लावून ठेवा. गडावरच्या माकडांना या दोन्हींची चांगली ओळख आहे आणि तंबूची चेन त्यांना उघडता येते.

फडकं ओलंच पिशवीत कोंबून तसंच विसरलं तर आठवड्याने त्याला कुबट वास येतो आणि पुढच्या कॉफीत तो उतरतो. घरी पोचल्यावर लगेच साध्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि पुड्यांच्या डब्यातच घडी घालून ठेवा.